जगात भारी देशाचे नागरिक व्हायचे असेल तर

आपला देश जगात एकमेव आहे, याबद्दल तुमच्या मनात शंका नसेलच. शंका आहे ती तुमच्याबद्दल. एवढ्या थोर देशाला तुम्ही शोभता का? आजूबाजूला बघतो तर बहुतेक नाशिककर शोभत नाहीत. सकाळी उठून नळाला पाणी का नाही म्हणतात, दुपारी द्वारका चौकात अडकले की सरकारचा उद्धार करतात आणि रात्री घरपट्टीच्या बिलातला आकडा बायकोला मोठ्याने वाचून दाखवतात. हा काय महान देशाच्या नागरिकाचा दिनक्रम झाला? म्हणून म्हटलं, घरबसल्या, एकाही सरकारी कार्यालयाची पायरी न चढता उत्तम नागरिक कसं व्हावं, याचं थोडं मार्गदर्शन करावं. फी नाही, देशकार्य आहे.

सगळ्यात आधी तुलना बंद करा. करायचीच असेल तर निकाल अगोदर ठरवून मग करा. 'आपल्यासारखा देश नाही' हे म्हणताना आवाज असा आतून यावा, जसा मिसळीवर जास्तीचा रस्सा मागताना येतो. समोरचा 'कशावरून?' म्हणाला तर त्याच्याकडे दयेने बघा. उत्तर देऊ नका. उत्तर देणं हे सामान्य देशांचं लक्षण.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जगातल्या इतर एकमेव देशांविषयी वाचू नका. रशियात सोळाव्या शतकापासून मॉस्को म्हणजे तिसरं रोम, ख्रिस्ती जगाचं शेवटचं खरं केंद्र, असं सांगणारे होऊन गेले. चीन स्वतःला जगाचा मध्य समजत होता. फ्रेंचांना अख्ख्या आफ्रिकेला सुसंस्कृत करून सोडायचं होतं. आम्ही जपानी इतरांहून वेगळे कसे, या एका विषयावर जपानमध्ये एवढी पुस्तकं निघाली की तो लेखनाचा एक प्रकारच होऊन बसला. म्हणजे 'आमच्यासारखे आम्हीच' हे वाक्य प्रत्येक बोळात ऐकू येतं. २००९ मध्ये ओबामांना एका पत्रकाराने विचारलं, अमेरिकेच्या वेगळेपणावर तुमचा विश्वास आहे का? ते म्हणाले, आहे, आणि ब्रिटिशांचा ब्रिटनवर, ग्रीकांचा ग्रीसवर असेल तसाच आहे. झालं! विरोधकांनी ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं उगाळलं. चूक ओबामांचीच. खरं बोलताना माणसाने आजूबाजूला बघावं.

अमेरिकेकडून शिकण्यासारखं मात्र खूप आहे. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप नावाचा प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट पंथाचा, पुढारी मॅसॅच्युसेट्सची वसाहत वसवायला निघाला आणि बरोबरच्या लोकांना म्हणाला, आपण टेकडीवरचं शहर होणार आहोत, सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर असतील. पुढचं वाक्य असं, की म्हणून देवाशी लबाडी केलीत तर जगभर आपली छी-थू होईल. थोडक्यात, तो बिचारा आपल्या माणसांना दम देत होता. साडेतीनशे वर्षांनी अध्यक्ष रेगन यांनी निरोपाच्या भाषणात तेच शहर घेतलं, त्याला 'लखलखतं' असं विशेषण चढवलं, आणि दम गाळून टाकला. टेकडी शिल्लक राहिली, अट गेली.

ही युक्ती आपल्या लोकांनी किती सफाईने उचलली आहे बघा. 'वसुधैव कुटुंबकम्' संसदेच्या भिंतीवर आहे, २०२३ च्या जी-२० च्या बोधचिन्हाखाली होतं, आता लग्नाच्या हॉलच्या कमानीवरही असतं. त्याच श्लोकाचा पहिला अर्धा भाग, 'हा आपला, तो परका ही मोजदाद कोत्या मनाची', कुणाच्या कमानीवर पाहिलात? तो छापला तर मोजदाद करणाऱ्यांची पंचाईत व्हायची. हितोपदेशात तर हा श्लोक कोल्ह्याच्या तोंडी आहे. हरणाशी त्याने जमवलेल्या मैत्रीवर कावळा हरकत घेतो, तेव्हा कोल्हा तो त्याच्या तोंडावर फेकतो. पण हे तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. कोल्ह्याचा अपमान झाला म्हणून कुणीतरी ग्रुप सोडेल.

सोसायटीच्या ग्रुपचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबू, कारण आजचं नागरिकत्व तिथेच पार पडतं. गंगापूर रोडच्या एका सोसायटीतला नमुना सांगतो. पहाटे सहाला पहिला मेसेज: युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून निवडलं. हा मेसेज २००८ च्या आसपास जन्मला, युनेस्कोने असं काही केलेलं नाही हे कधीच सांगितलंय, आणि तरी दर पंधरा ऑगस्टला तो अंघोळ करून नवा सदरा घालून येतो. दिवाळीत त्याचा भाऊ येतो, नासाने टिपलेला दिवाळीतला झगमगता भारत. ते चित्र मुळात अनेक वर्षांतली उपग्रहांची माहिती एकावर एक ठेवून केलेलं आहे. रंग आहेत ते दिवे कोणत्या काळात वाढले हे कळावं म्हणून. नासाने २०१२ मध्ये दिवाळीच्या रात्रीचं खरं चित्र दिलं आणि सांगितलं की दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जवळजवळ कळतही नाही.

तर त्या ग्रुपवर नासाचा मेसेज टाकणाऱ्या काकांना दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलीने एकदा लिहिलं, "काका, हे खोटं आहे. खाली लिंक देते."

काकांनी लिंक उघडली नाही. लिहिलं, "बाळा, तुझं वय लहान आहे. खरंखोटं बघू नये, भावना बघावी."

"पण काका, नासाचंच म्हणणं आहे."

"नासाला काय कळतंय आपल्या संस्कृतीतलं!"

अभ्यासण्यासारखी आहे ही दोन वाक्यं. सहा वाजता नासाचं प्रमाणपत्र आणि सव्वासहाला नासाला काय कळतंय. तुम्हाला ही चपळाई जमेपर्यंत रोज सराव करा. आपण जगाचे गुरू आहोत, पण गुरूला शाळा सोडल्याचा दाखला मात्र परदेशातूनच लागतो, याबद्दल ओशाळण्याचं कारण नाही.

आता मुख्य पाठ. आपण लोकशाहीची जननी आहोत. जी-२० च्या वेळी सरकारने या नावाने पुस्तिकाच काढली होती. कुणी पुरावा मागितलाच तर तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या शिलालेखाचा दाखला द्या. दहाव्या शतकातला, चोळ राजा परांतकाच्या काळातला. ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहून, मडक्यात टाकून, त्यातून गावसभेच्या समित्या निवडायचे. अस्सल वस्तू आहे, अभिमान वाटावा अशीच. फक्त पुढे वाचू नका. पुढे लिहिलंय की ज्याने समितीवर असताना हिशोब दिला नाही तो पुन्हा अपात्र, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. हे असलं वाचलं की लोक लगेच आपल्या प्रभागाला लावून बघतात.

आपल्या प्रभागाचं काय झालं होतं, आठवतं का? आठवत नसेल तर अभिनंदन, तुमची प्रगती चांगली आहे. नाशिक महापालिकेत १२२ नगरसेवक असतात. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं शहरात एकही नगरसेवक नव्हता. घटनेच्या कलम २४३-यू मध्ये स्पष्ट आहे, पाच वर्षं मुदत, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात, प्रभाग तीन नगरसेवकांचा करायचा की चारचा याची रस्सीखेच मंत्रालयात, आणि शेवटी २०२५ च्या मे महिन्यात न्यायालयानेच सांगितलं, घ्या आता निवडणुका. तोवर राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, कारभार कसा सुंदर चालला! आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा, आणि प्रशासक म्हणून महासभेचे अधिकारही त्यांच्याकडेच असल्याने त्यांनीच मंजूर करायचा. स्थायी समितीही तेच. सभात्याग नाही, राजदंडाची पळवापळवी नाही, माइकवरून मारामारी नाही. जननीला असं शांत मूल कधी मिळालं होतं?

त्या काळात सिडको भागातले एक निवृत्त मास्तर गल्लीतलं चेंबर तुंबलं म्हणून अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. मास्तर जुन्या पठडीतले, अर्जाला समास सोडलेला, खाली 'आपला नम्र'. टेबलामागच्या माणसाने अर्ज उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारलं,

"तुमचा नगरसेवक कोण?"

"नगरसेवकच नाहीत ना सध्या, साहेब."

"मग त्याच्या पत्राशिवाय कसं होणार, मास्तर?"

मास्तर हट्टी. म्हणाले, अर्जाची पोच तरी द्या. शिक्का आतल्या खोलीत आहे, आणि आतली खोली जेवायला गेली आहे, असं कळलं. मास्तर घरी आले. ऑगस्ट २०२२ चे दिवस, घरोघरी तिरंगा लावायची मोहीम. नातवाने त्यांना गॅलरीत झेंड्याशेजारी उभं केलं, फोटो काढला, मोहिमेच्या संकेतस्थळावर चढवला. मिनिटभरात मास्तरांच्या नावाचं प्रमाणपत्र आलं, रंगीत, सहीसकट. खाली गल्लीत चेंबरचं पाणी वाहत होतं. मास्तरांना यात काहीतरी विसंगती दिसली, पण मास्तरांचं सोडा, ते आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवत आले. तुम्ही मात्र धडा नीट घ्या. राज्यकारभाराला तुमच्याकडून काय हवंय आणि काय नको, हे कुठल्या खिडकीवर पोच पटकन मिळते यावरून ओळखावं.

निवडणूक अखेर झाली ती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आणि सुट्टी होती. उरलेल्या तिळगुळाची वासलात लावायला एवढी सोयीची तारीख दुसरी नव्हती. मत द्यायला गेला असाल तर ठीकच, पण गेल्या चार वर्षांत कोणती कामं कुणी मंजूर केली, हे उमेदवाराला विचारत बसला नसाल अशी आशा आहे. त्याला सीमेवरचा प्रश्न विचारावा. ड्रेनेजपेक्षा त्याचा अभ्यास त्यावर जास्त असतो.

काही अर्धवट शिकलेले लोक हक्कांची भाषा करतात, त्यांना कर्तव्यांवर आणा. घटनेचं कलम ५१-क तोंडपाठ करा, म्हणजे त्यातलं पहिलं पोटकलम, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचं. कर्तव्यं एकूण अकरा आहेत. दहा आली १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे ऐन आणीबाणीत, हक्क गुंडाळून ठेवलेले होते तेव्हा. अकरावं २००२ मध्ये जोडलं. मुहूर्त किती नेमका होता! पण पहिल्याच्या पुढे जाल तर घोटाळा होईल. त्याच यादीत वैज्ञानिक दृष्टी आणि चिकित्सक बुद्धी जोपासणं आहे, म्हणजे ती इंजिनिअरिंगची मुलगी कर्तव्य बजावत होती आणि काका आड येत होते. त्याच यादीत जंगलं, तलाव आणि नद्या यांचं रक्षण आहे.

नद्या म्हटलं की गोदावरी आली. तिला दक्षिणगंगा म्हणावं, संध्याकाळी रामकुंडावर आरती चालू असेल तेव्हा मोबाइल उंच धरावा. उंच धरणं महत्त्वाचं आहे, कारण खाली धरला तर पाणी येतं चित्रात. उन्हाळ्यात पुढच्या पुलांच्या बाजूला पाणवेलींचा हिरवागार गालिचा असतो, तो हिरवळ म्हणून खपवता येतो. कुंडांच्या तळाला घातलेलं काँक्रीट काढा, खालचे झरे मोकळे करा, म्हणून काही नाशिककर वर्षानुवर्षं अर्ज आणि याचिका करत आहेत. २०२५ च्या अखेरीस तपोवनातली झाडं सिंहस्थातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तोडायला निघाले तेव्हा आणखी काही जण झाडांना कवटाळून उभे राहिले. यांना धर्मद्रोही म्हणावं की विकासद्रोही, यावर ग्रुपमध्ये दोन तट पडले होते. ही माणसं ५१-क मधलं काम करत आहेत असं म्हणणारा तिसरा तट निघाला नाही, हे बरंच झालं. तसाच आणखी एक प्रश्न टाळावा. २००३ च्या सिंहस्थात इथे चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. तेव्हाच्या अरुंद वाटा आता किती रुंद झाल्या, हे पुढच्या सिंहस्थाआधी विचारणं म्हणजे श्रद्धेत खोड काढणं. थोर देशात सोहळा असतो, वाटेची रुंदी नसते.

इतिहासाचं काय करायचं? तर हार घालायचा. काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड, हजारो माणसं. मागणी काय, तर देवळात जाऊ द्या. वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात इथून जवळच येवल्याला आंबेडकरांनी सांगून टाकलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. याच माणसाने पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला, राज्यघटना हातात असताना, संविधान सभेत म्हटलं की आपण एक राष्ट्र आहोत असं समजणं हा भ्रम आहे, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असतील? आणि हे जितक्या लवकर उमगेल तितकं आपल्याच भल्याचं. कल्पना करा, आज हे कुणी निनावी खात्यावरून लिहिलं तर काका काय उत्तर देतील! म्हणून सांगतो, चौदा एप्रिलला हार मोठा घ्या. हार पुरेसा मोठा असला की तोंड झाकलं जातं, आणि माणूस काही बोलून गेला होता याची आठवण राहत नाही.

कांद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तो तुमच्या ताटात असतो, डोक्यात नसतो. आपला शेतकरी जगाला खाऊ घालणार, असं भाषणात म्हणतात तेव्हा टाळ्या वाजवाव्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क आलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली आणि लासलगावला भाव कोसळले, तेव्हा तो जगातला कांदा आणि आपला शेतकरी हा विषय तात्पुरता बाजूला ठेवावा. बंदी मे २०२४ मध्ये, मतदान चालू असताना उठली, हा योगायोग. लिलाव बंद पाडणारा शेतकरी भाषणातला शेतकरी नसतो, तो वेगळा. फरक ओळखायला शिका.

आता शेवटचं हत्यार. एवढं सगळं करूनही कुणी प्रश्न विचारत राहिला तर त्याला सांगायचं, "नसेल पटत तर देश सोडून जा." नाशिकमध्ये हे सांगायला विशेष मजा येते, कारण देश सोडायचं पुस्तक छापलं जातं आपल्याच नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. अख्ख्या देशाचे पासपोर्ट तिथून जातात. पण गंमत अशी आहे की प्रश्न विचारणारे जात नाहीत. मास्तर अजून सिडकोतच आहेत. संसदेत सरकारनेच दिलेला आकडा आहे, २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व ठेवता येत नाही, त्यामुळे तिकडचं घेतलं की इकडचं जातं. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं, कार्ड मिळतं. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही, अभिमान मात्र अमर्याद बाळगता येतो.

काकांचा भाचा त्यातलाच. न्यू जर्सीला असतो. तिथे कायद्यानेच नगरपालिकेच्या सभेत रहिवाशांना बोलायला वेळ ठेवावा लागतो. मागच्या हिवाळ्यात तो सभेला गेला, माइकपुढे उभा राहिला आणि आमच्या रस्त्यावरचा बर्फ दोन दिवस का उचलला नाही, असं त्याने सगळ्यांदेखत विचारलं. उत्तर मिळालं, इतिवृत्तात नाव आलं. त्याने त्याचा व्हिडिओ आईला पाठवला, आईने कौतुकाने ग्रुपवर टाकला. कुणी त्याला अमेरिकाद्रोही म्हटलं नाही.

सव्वीस जानेवारीला तोच भाचा आपल्या ग्रुपवर लिहितो, "तुम्ही तिथे राहून नुसती टीका करता. इथे आल्यावर कळतं आपला देश किती ग्रेट आहे." अशा मेसेजला तुम्ही लगेच प्रतिसाद द्या. शब्द नकोत, झेंडे टाका, एकाखाली एक, सगळ्या विंग्जनी. साठ-सत्तर झेंडे पडले की मास्तरांच्या पुतण्याने नेमका त्याच सकाळी टाकलेला चेंबरचा फोटो आपोआप वर सरकतो, आणि तिथवर बोट ओढत जायला कुणाला वेळ असतो?